लिबरेटर: समुद्रावरचं विमान की जर्मनीवरचं?

सागरगस्त: दुसऱ्या महायुद्धातल्या बी-२४ लिबरेटर या अमेरिकन बॉम्बरला बी-१७ फोर्ट्रेस या दुसऱ्या अमेरिकन बॉम्बरच्या मापानं मोजणं मला पटत नाही. लिबरेटरचा ‘डेव्हिस’ रचनेचा पंख लांब आणि अरुंद, त्यामुळे हवेचा विरोध कमी आणि पल्ला मोठा. ब्रिटिश हवाई दलाच्या १२० स्क्वाड्रननं पोटाखालचा टरेट (फिरता तोफा-घुमट) आणि बरंचसं चिलखत काढलं, बॉम्बबेमध्ये (बॉम्ब ठेवायच्या कप्प्यात) इंधनाच्या जादा टाक्या बसवल्या आणि अटलांटिकच्या मधल्या, विमानं न पोचणाऱ्या पट्ट्यात गस्त घातली. मे १९४३ मध्ये जर्मन नौदलप्रमुख ड्योनिट्झनं उत्तर अटलांटिकमधून पाणबुड्या मागे घेतल्या. एस्कॉर्ट जहाजं आणि रडार यांचा वाटा होताच, पण या विमानाशिवाय तो पट्टा उघडाच राहिला असता.

चार_इंजिनं: मग समुद्रात उतरायची वेळ आली तर? पंख धडाच्या वरच्या बाजूला, म्हणजे पोटच आधी पाण्यात. बॉम्बबेचे दरवाजे शटरसारखे कडेनं वर सरकणारे, पातळ पत्र्याचे. पाण्यावर आपटताच ते फुटतात, पाणी आत घुसतं आणि बऱ्याचदा धड तिथंच मोडतं. बी-१७ चा पंख खाली असल्यानं तो आघात झेलतो आणि विमानाला काही काळ तरंगत ठेवतो. शिवाय लिबरेटरच्या इंधनजोडण्या गळक्या. बॉम्बबेमध्ये पेट्रोलची वाफ साचू नये म्हणून दरवाजे किंचित उघडे ठेवून उडावं लागे. तिथंच जादा टाक्या म्हणजे आणखी जोडण्या!

सागरगस्त: दोष खरे आहेत. पण ब्रिटिश हवाई दलाच्या सागरी गस्त विभागाकडे, कोस्टल कमांडकडे, फोर्ट्रेसही (बी-१७) होत्या आणि त्या पट्ट्यासाठी त्यांचा पल्ला अपुरा पडे. जिथं पोचताच येत नाही, तिथं तरंगण्याचा उपयोग काय?

नीलाकाश: जर्मनीवर मात्र तोच पंख नडला. पूर्ण भार घेऊन उंचीवर गेल्यावर विमान सुस्तावे, दाट फॉर्मेशन टिकवताना वैमानिक थकून जात. बी-१७ पेक्षा खालून उडावं लागल्यानं विमानविरोधी तोफांचा मारा जास्त बसे.

समुद्रावरच्या कामासाठी आपल्याकडचं उदाहरण घ्या. ब्रिटिशांनी कानपूरला मुद्दाम निकामी करून टाकलेली चाळीसेक लिबरेटर हिंदुस्तान एअरक्राफ्टनं पुन्हा उडती केली. भारतीय हवाई दलाच्या पुण्यातल्या ६ स्क्वाड्रननं ती सागरी टेहळणीसाठी १९६८ पर्यंत वापरली.

चार_इंजिनं: ती हाताशी होती म्हणून वापरली. तेवढ्या पल्ल्याचं नवं विमान तेव्हा परवडणारं नव्हतं. यातून पंखाची गुणवत्ता सिद्ध होत नाही.

नीलाकाश: बॉम्बरचं काम तर ५ स्क्वाड्रननं १९४८ पासून केलंच होतं. ते पुढं कॅनबेरा जेटकडे गेलं, टेहळणी मात्र लिबरेटरकडेच राहिली. टेहळणी खालच्या उंचीवरून होते, बॉम्बचा पूर्ण भार नसतो, फॉर्मेशनही नसतं. म्हणजे जर्मनीवर नडलेल्या तिन्ही गोष्टी तिथं उद्भवतच नाहीत.