क्लायंटची पहिली भेट: तुम्ही काय तयारी केली होती?

चाफेकळी
काल रात्री भाचीचा फोन. "मावशी, शुक्रवारी पहिल्यांदाच क्लायंटला भेटायचंय, काय काय नेऊ?" ती चित्रं काढते, मुलांच्या पुस्तकाचं काम आहे. बोलता बोलता मला 2011 सालचा पुण्यातला अप्पा बळवंत चौक आठवला. नोकरी सोडून दोन महिने झालेले, आणि एका प्रकाशक काकांकडे मुखपृष्ठाचं काम मिळेल असं वाटत होतं. चाळीस चित्रांची फाइल घेऊन गेले, पोटात गोळा. काकांनी सगळी चित्रं शांतपणे पाहिली आणि विचारलं, "डेमी साइज, 200 पानं. कणा किती धराल?"

मला उत्तरच येईना. मी फक्त पुढच्या चित्राचा विचार करून गेले होते. पुस्तकाला पाठ म्हणजे कणा असतो, मलपृष्ठ असतं, कापायला कडेने जागा सोडावी लागते, हे डोक्यातच नव्हतं. त्यांनी चहा मागवला, कपाटातून एक पुस्तक काढलं, हातात पट्टी दिली. म्हणाले, मोजा. 200 पानं म्हणजे 100 कागद, आणि कागद 70 जीएसएमचा की 80 चा (म्हणजे किती वजनाचा), त्यावर कणा बदलतो. त्या दहा मिनिटांचं ऋण अजून आहे माझ्यावर.

मग विचारलं, "किती घेणार?" मी म्हटलं, "काका, तुम्ही द्याल ते."

तुमचं काय झालं होतं? लिहा ना, भाचीला वाचायला देते.

रातराणी
"तुम्ही द्याल ते"... आई गं. वाचूनच गलबललं. मीही हेच म्हणाले होते, तेही दोनदा.

सायकलवाला
अप्पा बळवंत चौकात गाडी कुठे लावलीत ते आधी सांगा 😀

चाफेकळी
@सायकलवाला बसने गेले होते हो, शनिवारवाड्याला उतरून चालत.

दुभाषी
जर्मन भाषांतर करते. पहिली ऑनलाइन भेट, त्यांचे सकाळचे 10. हिवाळ्यात आपल्यात साडेचार तासांचं अंतर, म्हणून अडीच धरून बसले. पण मार्चच्या शेवटच्या रविवारी त्यांची घड्याळं पुढे जातात आणि अंतर साडेतीनवर येतं. मी अडीचला गेले तेव्हा समोरची बाई तासभर वाट पाहून निघून गेली होती. तिला लगेच मेल लिहून माफी मागितली, दुसऱ्या दिवशी पुन्हा भेटलो. आजही तिचं काम करते. आता भेटीच्या मेलमध्ये दोन्हीकडच्या वेळा लिहिते. कुकर झालाय, बाकी नंतर.

अक्षरजुळणी
आमच्या कामात पहिला प्रश्न फाँटचा. मी युनिकोडात (फोनवर, नेटवर चालतं ते) टाइप करून दिलं, त्यांना हवं होतं श्रीलिपी या जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये. कन्व्हर्ट केलं तर रफार भलतीकडे, जोडाक्षरं फुटलेली. 180 पानं पुन्हा वाचून काढली, पैसे एकदाचेच.

सायकलवाला
@अक्षरजुळणी पानं लावायच्या इनडिझाइनमध्ये युनिकोड मराठी टाकलं की माझी पहिली वेलांटी अक्षराच्या आधी यायची ती नंतर येते, काय करू?

अक्षरजुळणी
परिच्छेदाच्या सेटिंगमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर निवडा. लगेच जागेवर येईल.

सायकलवाला
आली!! दोन दिवस डोकं धरून बसलो होतो. धन्यवाद!

कोल्हापूरकर
लग्नाचे फोटो काढतो. पहिल्या बैठकीला नवरदेव आणि त्याचा भाऊ आले, दोन तास सगळं ठरलं, अल्बम, ड्रोन, हळदीची वेळ. घरी पोचतोय तोवर फोन, मामांना विचारायला लागतंय. मामांनी सगळं मोडलं. तेव्हापासून बसल्या बसल्या विचारतो, "हो कोण म्हणणार? त्यांना पण बोलवा की." आणि अंतरपाट धरताना मी कुठं उभा राहणार हे भटजीकाकांशी आधीच बोलून घेतो. तो क्षण परत मिळत नाही.

रातराणी
मामांचं अगदी खरं. आमच्याकडे आत्याबाई असतात.

हिशेबवही
भाचीला पैशाचं आधी सांगा. आकडा घरून कागदावर लिहून न्यायचा. टीडीएस (पैसे देतानाच कापतात तो कर) कापून की धरून, ते विचारायचं, व्यावसायिक कामावर 10 टक्के कापतात. ते बुडत नाहीत, रिटर्न भरताना हिशेबात येतात, फक्त आयकराच्या साइटवर आपल्या नावावर दिसतायत ना ते बघायचं. उद्यम नोंदणी (छोट्या व्यवसायांची सरकारी नोंदणी) फुकट आहे, आजच करू दे. ती असली की लेखी करारातसुद्धा पैसे द्यायला 45 दिवसांपेक्षा जास्त मुदत घालता येत नाही. करार नसेल तर 15 दिवस. आणि थोडे पैसे आगाऊ मागायचेच. मागताना आवाज खाली जातो, मुलींचा तर फार जातो, म्हणून आरशासमोर मोठ्याने म्हणून बघायला सांगा. मी माझ्या मुलीकडून म्हणून घेतलं होतं.

चाफेकळी
@हिशेबवही आत्ताच तिला फोन केला. पहिल्यांदा आकडा इतका हळू सांगितला की मलाच ऐकू आला नाही. पाचव्यांदा नीट म्हणाली.

दुभाषी
किती वाजता आहे भेट?

चाफेकळी
11 ला. पट्टी घेतलीय तिने पिशवीत.