वरात अडवली, ॲट्रॉसिटी दाखल झाली. आता गाव म्हणतंय मिटवा

परभणीचा_पोरगा
चुलतभावाची वरात मारुतीच्या पारासमोर अडवली. "घोड्यावरून उतर" म्हणून जातीवरून शिव्या. गुन्हा दाखल झालाय. तिकडून आमच्या पोरांवर मारहाणीची क्रॉस केस. सरपंच म्हणायलेत, केसनं कुणाची जात गेली का, मिटवून टाका. आई पण म्हणायली, ऊसतोडीला त्यांच्याच मुकादमाची उचल घेतोत, तोंड कसं दाखवायचं? खरंच, खटल्यानं काही होतं का?

बांधावरचा
मी त्या बाजूच्या समाजाचा. झालं ते वाईटच. पण कायद्यानं भीती बसते, आदर नाही. निवडणुकीच्या रागातून केलेल्या केसेसही बघितल्यात. बसून बोला.

निवृत्त_बेंचक्लार्क, अंबाजोगाई
भाऊ, नवरदेवाला आदर नको होता, रस्ता पाहिजे होता. १९७८ ला विद्यापीठाच्या नामांतरावरून मराठवाड्यात दलित वस्त्या जळाल्या, तेव्हा हा ॲट्रॉसिटीचा कायदाच नव्हता. तो आला १९८९ ला.

परभणीकर, आधी एफआयआरची प्रत बघा. वरात अडवणं, घोड्यावर बसू न देणं हा २०१५ च्या दुरुस्तीनं वेगळा गुन्हा आहे. ठाण्यात बऱ्याचदा नुसतं शिवीगाळीचं कलम लावून मोकळे होतात. मग आरोपीचा वकील "चारचौघांत ऐकलं कोणी?" यावरच दिवस काढतो. तपास डीवायएसपीनं करायचा, साठ दिवसांत. जामिनाच्या सुनावणीची खबर तुम्हाला मिळायला पाहिजे, कलम १५अ. तिथं हजर राहून बोला.

केस पडते ती साक्षीला. नगर जिल्ह्यातल्या खर्ड्याच्या नितीन आगे या दलित पोराच्या २०१४ च्या खुनाच्या खटल्यात साक्षीदार फितूर झाले, २०१७ ला आरोपी सुटले. म्हणून बँडवाला आणि घोडेवाला धरा. ते बाहेरगावचे असतील तर गावाचं दडपण नाही. त्यांचे जबाब मॅजिस्ट्रेटसमोर व्हावेत म्हणून अर्ज द्या. आणि ऊसतोडीचं बरं काढलंत. समन्स निघतं तेव्हा माणूस फडावर, समन्स बिनबजावणी परत. असे किती कागद मी फाईलला लावले! साक्षीदारांचे फोन नंबर सरकारी वकिलाकडं देऊन ठेवा.

मिटवायचं म्हणाल तर पारावर बसून हा गुन्हा मिटत नाही, त्याला हायकोर्टात जावं लागतं. गावात "मिटलं" म्हणजे साक्षीदारानं पिंजऱ्यात "मला आठवत नाही" म्हणायचं. किराणा, गिरणी बंद केली तर बहिष्काराचा आणखी एक गुन्हा होतो, हे सरपंचांच्या कानावर घाला. जात जाईल असं या कायद्यात कुठं लिहिलेलं नाही. धाकट्याची वरात त्याच पारासमोरून जावी, एवढ्यासाठी केस आहे.

बांधावरचा
क्रॉस केसचं काय मग?

निवृत्त_बेंचक्लार्क, अंबाजोगाई
तिचा तपास वेगळा होऊ द्या. दोन्ही एकदम मागं घ्यायचा सौदा करू नका, क्रॉस केस बहुतेक त्याच्यासाठीच टाकतात.

परभणीचा_पोरगा
प्रत काढली काका. जबाबात घोडा आहे, कलमात नाही. डीवायएसपी साहेबांना अर्जात काय लिहू?

निवृत्त_बेंचक्लार्क, अंबाजोगाई
कलम ३(१)(झेडए) वाढवावं, असं लिहा. दोन प्रती करा, एकीवर शिक्क्याची पोच घ्या.