सहकुटुंब श्टुटगार्टला येताना आधी काय करावे?

प्रश्न (चाकणहून)

नमस्कार. मी अकरा वर्षे चाकणच्या एका कारखान्यात डिझाइन विभागात काम करत असून येत्या मार्चपासून जर्मनीत श्टुटगार्टजवळच्या एका कंपनीत ब्लू कार्डावर, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांसाठीच्या निवास परवान्यावर, रुजू होणार आहे. सोबत पत्नी आणि चार वर्षांची मुलगी येणार आहे. पत्नीला पुण्यातली बँकेची नोकरी सोडून यावे लागेल, त्यामुळे माझी काही चूक झाली तर त्याची झळ मला लागेल त्याहून अधिक तिला लागेल, याची मला जाणीव आहे. कंपनीने पहिल्या सहा आठवड्यांसाठी सामानासह सदनिका दिली आहे; पुढचे घर आम्हीच शोधायचे आहे. एका संकेतस्थळावर तीन खोल्यांचे घर बरेच स्वस्तात दिसले. मालक सध्या परदेशात असून अनामत रक्कम पाठवल्यास किल्ली टपालाने धाडतो म्हणतो. हे घर इथूनच पक्के करावे का? आणि तिघांनी एकदम यावे, की मी आधी येऊन घर लावावे? मला जर्मन जुजबी येते, पत्नीला अजिबात येत नाही.

उत्तर (श्टुटगार्टहून, नऊ वर्षांपासून)

ते घर घेऊ नका आणि त्या माणसाला एक युरोही पाठवू नका. परदेशी असलेला मालक, टपालाने येणारी किल्ली आणि आगाऊ अनामत ही फसवणुकीची ठरलेली पद्धत आहे; माझ्या एका सहकाऱ्याचे दोन महिन्यांचे भाडे असेच गेले आणि ते परत मिळाले नाही. घर प्रत्यक्ष पाहून आणि करारावर सही करूनच पैसे द्यायचे. अनामत, म्हणजे इथली काउत्सिओन, कायद्याने तीन महिन्यांच्या काल्टमीटेपेक्षा, म्हणजे पाणी, हीटिंग वगैरे खर्च सोडून उरणाऱ्या भाड्यापेक्षा, जास्त घेता येत नाही आणि ती तीन समान मासिक हप्त्यांत देण्याचा भाडेकरूला हक्क असतो. जाहिरातीत काल्टमीटे मोठ्या अक्षरांत लिहिलेली असते, पण महिन्याचा हिशेब वार्ममीटेवरच, म्हणजे हे खर्च धरून होणाऱ्या भाड्यावरच, करावा.

तुमच्या यादीत सर्वांत वर एकच गोष्ट असावी, ती म्हणजे आनमेल्डुंग, अर्थात पत्त्याची नोंदणी. घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत ती करावी लागते आणि तिच्यासाठी ‘ही व्यक्ती माझ्या घरात राहायला आली आहे’ असे घरमालकाने सही करून दिलेले पत्र लागते. नोंदणी झाली की अकरा अंकी कर क्रमांक टपालाने येतो. तो कंपनीकडे पोहोचला नाही तर पगारातून सहाव्या, म्हणजे सर्वांत जड वर्गाने कर कापला जाऊ शकतो. जास्तीचे पैसे नंतर परत मिळतात, पण नव्या देशातल्या पहिल्याच महिन्यात हाती कमी पगार पडणे परवडणारे नसते. बरेचदा बँकेतले खाते आणि निवास परवान्याचे पुढचे काम याच नोंदणीवर अडते. म्हणून कंपनीच्या त्या सदनिकेत हे पत्र मिळणार आहे का, हे आजच लेखी विचारून घ्या. अल्पकाळासाठी घर देणारे काही जण ते द्यायला नकार देतात.

आणखी एक गोष्ट कोणी सांगत नाही. इथे पत्त्यात बहुधा सदनिकेचा क्रमांक नसतो. टपालवाला पेटीवरचे आडनाव पाहून पत्र टाकतो. पेटीवर तुमचे आडनाव नसेल तर कर क्रमांकाचे पत्र परत जाते. पोहोचल्या दिवशी साध्या कागदावर लिहून का होईना, पण नाव चिकटवा.

उत्तर (एस्लिंगेनहून)

मी सहा वर्षांपूर्वी पतीबरोबर नोकरी सोडून आले, म्हणून तुमच्या पत्नीच्या बाजूने लिहिते. ब्लू कार्डधारकाच्या जोडीदाराला येण्यापूर्वी जर्मन परीक्षेची अट नसते आणि आल्यावर कोणतीही नोकरी करण्याची मुभा असते. या सवलतीमुळेच आम्ही गाफील राहिलो. परवानगी पहिल्या दिवसापासून हातात होती, पण भाषेअभावी माझी दोन वर्षे घरात गेली. बँकेतल्या कामाचा अनुभव असणाऱ्या व्यक्तीला इथे ग्राहकांशी जर्मनमध्येच बोलावे लागेल. पुण्यातच मॅक्सम्युलर भवनात किंवा अन्यत्र ए१ आणि ए२ या जर्मनच्या पहिल्या दोन पातळ्या पूर्ण करून त्यांनी यावे, असे मी आग्रहाने सांगेन, मग त्यासाठी त्या चार महिने उशिरा आल्या तरी चालेल. तुमच्यासाठीही भाषेला मोल आहे: त्यापुढची बी१ पातळी असेल तर ब्लू कार्डावर २१ महिन्यांनी कायम निवासाचा अर्ज करता येतो, केवळ ए१ असेल तर २७ महिन्यांनी.

मुलीच्या लसीकरणाचे पुस्तक हातातल्या बॅगेत ठेवा. २०२० पासून किंडरगार्टनमध्ये प्रवेशासाठी गोवर लशीच्या दोन मात्रांचा पुरावा सक्तीचा आहे. जागेचा कायदेशीर हक्क असला तरी जागा प्रत्यक्ष मिळायला महिने लागतात, त्यामुळे पत्ता ठरताच अर्ज करा आणि तोपर्यंत दोघांपैकी एकाला घरी राहावे लागेल हे धरून चाला. आरोग्य विमा सरकारी पद्धतीचा घेतलात तर पत्नीला उत्पन्न नसेपर्यंत ती आणि मुलगी वेगळा हप्ता न भरता तुमच्याच विम्यात येतात. खाजगी विम्यात प्रत्येकाचा हप्ता वेगळा असतो. सुरुवातीचा स्वस्त हप्ता पाहून खाजगीकडे वळू नका, तिथून परत येणे कठीण असते.

उत्तर (ल्युडविग्सबुर्गहून)

वाहन परवान्याबद्दल थोडक्यात सांगतो. इथे वास्तव्य सुरू झाल्यापासून भारतीय परवाना सहाच महिने चालतो. नंतर लेखी आणि प्रत्यक्ष अशा दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. लेखी परीक्षा इंग्रजीत देता येते. सहा महिने उलटल्यावर गाडी चालवणे हा गुन्हा ठरतो, म्हणून तिसऱ्या महिन्यातच नाव नोंदवा. दुसरे म्हणजे, या भागात केअरवोखे असते: जिना, तळघर आणि समोरचा पदपथ आळीपाळीने भाडेकरूंनी झाडायचा. दारावर पाटी लटकलेली दिसली की आठवडा तुमचा. शेजाऱ्यांशी ओळख जमण्याची किंवा बिघडण्याची ती पहिली जागा असते, म्हणून ती पाळी चुकवू नका.

प्रश्नकर्त्याकडून

आपणा सर्वांचा मनापासून आभारी आहे. त्या मालकाला नकार कळवला. कंपनीला विचारले असता सदनिकेत नोंदणीचे पत्र मिळेल असे लेखी उत्तर आले. पत्नीने ए१च्या वर्गासाठी चौकशी केली असून ती आणि मुलगी जुलैमध्ये येतील असे आम्ही ठरवत आहोत. एक शंका उरली: सहा आठवड्यांनी घर बदलल्यावर नोंदणी पुन्हा करावी लागेल का?

उत्तर (श्टुटगार्टहून)

होय, नव्या घरी गेल्यावर पुन्हा दोन आठवड्यांच्या आत, नव्या मालकाच्या पत्रासह. कर क्रमांक मात्र तोच राहतो. पत्नी आणि मुलीची नोंदणी त्या आल्यावर होईल. त्यासाठी विवाह नोंदणीचा दाखला आणि जन्मदाखला, दोन्हींच्या मूळ प्रती आणि अधिकृत अनुवादकाने केलेले जर्मन भाषांतर, तयार ठेवा. दोघेही इथे राहू लागलात की तुमचा करवर्गही बदलून घेता येतो, तो अर्ज त्याच आठवड्यात करून टाका.