विषय: मारुती ८०० चा सेल्फ फिरतोय, इंजिन सुरू होत नाही (पार्ले) – तातडीने

प्रेषक: ग्रंथालय ताई, सध्या विलेपार्ले
मंडळी, बाबांची कार्ब्युरेटरवाली ८००, जिच्यातून गेल्या खेपेला ग्रंथपेट्या कार्गोवाल्याकडे पोचवल्या तीच. पावसाळाभर सोसायटीत उभी होती. आज किल्ली फिरवली, सेल्फ मस्त फिरतो, पण इंजिन उचलत नाही. बॅटरी नवी, टाकीत पेट्रोल आहे. परवा अंधेरी आरटीओला पासिंग आहे, ग्रीन टॅक्सही भरून झालाय, गाडी तिथे न्यावीच लागेल. गॅरेजवाला न बघताच फोनवर म्हणतो, कार्ब्युरेटर उतरवू. बाबांना गाडी भंगारात द्यायची नाही, मलाही नाही. आधी काय बघू?

प्रेषक: खजिनदार
ताई, यादीवर सध्या दिवाळीच्या हॉलच्या अनामतीचा विषय चालू आहे. तो पूर्ण होईपर्यंत दुसरे विषय नकोत असं मागच्या बैठकीत ठरलं होतं. तरी अडचण खरी आहे म्हणून सांगतो: आधी करंट बघा. एक प्लग काढा, वायरीला जोडून इंजिनाच्या लोखंडाला टेकवा आणि कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा. निळी ठिणगी दिसली पाहिजे. वायर उघड्या हाताने धरू नका आणि आसपास पेट्रोल सांडलेलं नको.

प्रेषक: लेस्टरचे काका
डिस्ट्रिब्युटरची, म्हणजे प्लगांना करंट वाटणाऱ्या भागाची, कॅप काढून कोरड्या फडक्याने आतून पुसा. मुंबईच्या पावसात निम्मी दुखणी तिथेच असतात. माझी प्रीमियर पद्मिनी गाडी कुर्ल्याच्या कारखान्यातली. मिलन सबवेच्या पाण्यातून बाहेर पडली आणि सांताक्रूझला बसली. मागे बसेसची रांग लागलेली. एका टॅक्सीवाल्याने स्वतःची गाडी बाजूला घेतली, कॅप पुसून दिली, एक पैसा घेतला नाही. त्या माणसाला मी अजून विसरलेलो नाही. कॅपला आतून बारीक काळी रेघ दिसली तर पुसून भागणार नाही, बदलाच. आणि हल्लीचं २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल या जुन्या गाड्यांना मानवत नाही, हे मी आधीही लिहिलंय.

प्रेषक: माटुंगेकर
काका, इथेनॉल ओलावा ओढतं आणि जुने रबरी पाइप खराब करतं, हे मान्य. ८०० च्या काळात २० टक्क्यांचा विचार करून पाइप बनवलेच नव्हते. पण ते नुकसान हळूहळू होतं. गाडी आधी अडखळते, धक्के देते, पाइप पाझरायला लागतात. उभी ठेवली तेव्हा ठणठणीत असलेली गाडी साफ गप्प झाली, तर सगळं खापर पेट्रोलवर फोडता येणार नाही.

प्रेषक: ग्रंथालय ताई
शेजारच्या मुलाला घेऊन सगळं केलं. एकाही प्लगला ठिणगी नाही. कॅप पुसली, तडा नाही, रेघ नाही. कार्ब्युरेटरकडे जाणारा पाइप सोडून बाटलीत धरला आणि सेल्फ मारला, तर पाइप कोरडा. म्हणजे करंटही नाही आणि पेट्रोलही नाही. बाबा म्हणतात सेल्फचा आवाज बदललाय, पूर्वीपेक्षा हलका आणि जास्त वेगात फिरतोय.

प्रेषक: ठाणेकर
तुमच्या बाबांचा कान पक्का आहे. दोन बिघाड एकदम होणं दुर्मीळ, दोघांचं मूळ एक असणं जास्त शक्य. या इंजिनात डिस्ट्रिब्युटर कॅमशाफ्टवर, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या वरच्या दांड्यावर, फिरतो आणि पेट्रोलचा पंपही कॅमशाफ्टच चालवतो. कॅमशाफ्टला फिरवतो टायमिंग बेल्ट. तो तुटला किंवा त्याचे दात झडले, की खाली क्रँक (इंजिनाचा मुख्य दांडा) फिरतो आणि वर सगळं थांबतं. व्हॉल्व्ह हलत नाहीत, कॉम्प्रेशन बनत नाही, म्हणून सेल्फला जोर लागत नाही. हलका आवाज त्याचाच. कॅप पुन्हा काढा, आतल्या फिरत्या तुकड्यावर, रोटरवर, नजर ठेवा, मुलाला सेल्फ मारायला सांगा. रोटर जागचा हलला नाही तर बेल्टच. कार्ब्युरेटरला कोणाला हात लावू देऊ नका.

प्रेषक: खजिनदार
करंट आधी बघा हे मीच पहिल्यांदा लिहिलं होतं, याची नोंद असावी. तोवर सोसायटीतल्या मुलांकडून दुसऱ्या गिअरमध्ये धक्का मारून बघायला हरकत नाही.

प्रेषक: ठाणेकर
हरकत आहे, खजिनदार. धक्का म्हणजे सेल्फचं काम माणसांनी करणं, आणि इथे सेल्फ चांगलाच आहे. बेल्ट गेला असेल तर गाडी जुहूपर्यंत ढकलली तरी सुरू होणार नाही, आणि दात अर्धे उरले असतील तर नको तेव्हा घसरतील. रोटर बघेपर्यंत सेल्फही पुन्हा पुन्हा मारू नका, मोटर तापते.

प्रेषक: माटुंगेकर
बेल्ट किलोमीटरवरच जातो असं नाही, वर्षांनीही रबर सुकतं. गाडी कमी चालली म्हणून बेल्ट नवा राहत नाही. ८०० चं उत्पादन २०१४ ला थांबलं, पण सुटे भाग मिळतात. कुर्ल्याला सीएसटी रोडवर विचारा, मात्र बेल्ट जुन्या गाडीतला काढलेला घेऊ नका, नवाच घ्या. टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारी पुली) आणि पुढचं ऑइल सील त्याच वेळी बदलून घ्या, उघडायची मजुरी एकदाच पडते.

प्रेषक: ग्रंथालय ताई
रोटर हलला नाही. दुसरा मिस्त्री घरी आला, कव्हर काढलं, बेल्टचे एका बाजूचे दात साफ झडलेले. बेल्ट, टेन्शनर, सील सगळं नवं घातलं, खुणा जुळवून बसवलं. चोक ओढून पहिल्याच सेल्फला इंजिन उचललं. बाबा खाली येऊन स्वतः गाडीत बसले आणि सोसायटीत दोन फेऱ्या मारल्या. ठाणेकर, तुमचे खूप आभार, न उघडता रोग सांगितलात. परवा पासिंगला मीच नेते. खजिनदार, हॉलच्या अनामतीतला माझा वाटा आज रात्री पाठवते.