शेळ्यांचे जंत आणि फिकी पडलेली पापणी : झाडपाल्याचा उपाय किती चालतो?

हिरवाकुरण
बारा शेळ्या आहेत, वजन साधारण २५ किलोच्या आसपास. लेंड्या घट्ट आहेत, हगवण नाही. तरी चार शेळ्या कळपात मागे पडतात, त्यांची पापणी आतून फिकी दिसते. एकीच्या जबड्याखाली संध्याकाळी सूज येते आणि सकाळपर्यंत उतरते. एक शेळी गाभण आहे. कडुनिंब, लसूण, पपईच्या बिया, पळसाच्या बिया, यातलं काय द्यावं आणि किती? औषधं शक्यतो टाळायची आहेत.

लेंडीतपासणी
हगवण नाही म्हणून निर्धास्त राहू नका. तुम्ही लिहिलंय ते चित्र हिमोन्कस या रक्तपित्या जंताचं वाटतं. हा आतड्यात नाही, चौथ्या पोटात असतो आणि सहसा हगवण लावत नाही. एक जंत दिवसाला सुमारे ०.०५ मिली रक्त पितो, म्हणजे हजार जंत असले तर रोज ५० मिली. २५ किलोच्या शेळीच्या अंगात रक्त असतं जेमतेम पावणेदोन लिटर. जबड्याखालची सूज म्हणजे रक्तातलं प्रथिन घटल्यामुळे उतरलेलं पाणी. ती शेळी काढ्याची वाट बघण्याच्या अवस्थेत नाही. तिला आजच पशुवैद्यकाला दाखवा.

आधी सगळ्यांच्या पापण्या बघा, उघड्यावर, दिवसाच्या उजेडात. वरची पापणी अंगठ्याने मिटवून डोळा हलकेच आत दाबायचा आणि दुसऱ्या अंगठ्याने खालची पापणी ओढायची. आतली त्वचा लगेच बाहेर येते. रंग तेव्हाच बघा, धरून ठेवलं की बदलतो. दोन्ही डोळे बघून जो फिका असेल तो धरा. पापणीच्या रंगावरून रक्त किती कमी झालंय ते ठरवणारा, दक्षिण आफ्रिकेत तयार झालेला ‘फामाचा’ नावाचा तक्ता आहे. त्यात १ म्हणजे लाल आणि ५ म्हणजे पांढरीफटक. ४ आणि ५ ला औषध द्यायचंच. ३ असेल तर करडं, गाभण आणि अंगाने उतरलेल्या शेळ्यांनाही.

पाला_चारा
सुजेच्या शेळीसाठी काढ्याची वाट बघू नये याच्याशी सहमत. आता झाडपाल्याचं, आधी लसूण. कांदा आणि लसूण जास्त प्रमाणात गेले तर तांबड्या पेशी फुटतात. ज्या शेळीचं रक्त आधीच कमी आहे तिला लसणाचा डोस देणं म्हणजे जंताला मदत. पपईच्या बिया गाभण शेळीला देऊ नका. पळसाच्या बियांनी मेंढ्यांच्या लेंडीतली जंताची अंडी कमी झाल्याचं प्रयोगांत दिसलंय, पण बियांतला औषधी अंश प्रत्येक वेळी सारखा नसतो, म्हणून ‘इतके ग्रॅम द्या’ असं मी सांगणार नाही.

खरा उपयोग टॅनिन, म्हणजे तुरट अंश, असलेल्या पाल्याचा. बाभळीचा पाला आणि शेंगा एकूण चाऱ्याच्या चौथ्या हिश्श्यापर्यंत चालतात. त्याहून जास्त दिल्या तर टॅनिन प्रथिनालाच बांधून ठेवतं आणि शेळी खाणं कमी करते. सोबत शेवग्याचा पाला, आणि पेंड रोज १०० ते १५० ग्रॅम, आठवडाभर हळूहळू वाढवत. जंत गेले तरी रक्त आपोआप भरत नाही, त्याला लोह, तांबं आणि प्रथिन लागतं. पापणीला गुलाबीपणा यायला तीन-चार आठवडे जातात. तोवर त्या शेळ्यांना पळवू नका, लांब चालवू नका. रक्त फार कमी असलेली शेळी धावताना कोसळते.

हिरवाकुरण
धन्यवाद. सुजेच्या शेळीला उद्यावर न ढकलता आजच दाखवतो. बाकीच्या तिघींना पाला देऊन बघितलं, तर फरक पडला हे कळणार कसं?

लेंडीतपासणी
‘शेळी तरतरीत दिसते’ हा पुरावा नाही. पाला सुरू करण्याआधी ताजी लेंडी थेट गुदद्वारातून घेऊन अंडी मोजून घ्या आणि १० ते १४ दिवसांनी त्याच शेळ्यांची परत मोजा. एका ग्रॅमला २००० ची १२०० झाली तर घट ४० टक्केच. औषध नीट चाललं असं अंडी ९५ टक्के घटली तरच मानतात. दरम्यान पापणी एका पायरीनेही फिकी झाली तर पाल्यावर थांबू नका.

औषध द्याल तेव्हा वजन करून द्या, अंदाजाने नको. शेळीच्या अंगात बरीचशी औषधं मेंढीपेक्षा लवकर जिरतात, त्यामुळे मेंढीचा डोस कमी पडतो आणि उरलेले जंत औषधाला सरावतात. डोस पशुवैद्यकाकडूनच ठरवून घ्या.

पाला_चारा
आणि चरायचं कुठे ते बदला, नाहीतर सगळं पुन्हा सुरू. उबदार ओलाव्यात लेंडीतल्या अंड्याची लागण करणारी अळी आठवड्याभरात तयार होते आणि ओल्या गवतावर चढते, पण बहुतेक बुंध्यापासून पाच सेंटीमीटरच्या आतच राहते. म्हणून गवत चार बोटांवर आलं की तिथून कळप हलवायचा. पाल्याच्या फांद्या डोक्याच्या उंचीवर टांगा, जमिनीवर टाकू नका. गव्हाणीत लेंड्या पडू देऊ नका. गाभण शेळीवर जास्त लक्ष ठेवा, विण्याच्या सुमारास तिच्या लेंडीत अंडी वाढतात आणि करडांना पहिली लागण तिथूनच होते.

काढा किंवा औषध पाजताना डोकं सरळ ठेवा, वर उचलू नका, आणि नळी गालाच्या कोपऱ्यातून जिभेच्या मागे न्या. मान वर केली की पातळ औषध श्वासनळीत जातं.