अबूत्रिकाचं मोठेपण

युरोपात खेळला नाही, वर्ल्ड कपही नाही, म्हणून इजिप्तच्या फुटबॉलपटू मोहम्मद अबूत्रिकाला थोर म्हणू नये, हे काही पटलं नाही. २०१० चा वर्ल्ड कप हुकला तो २००९ मध्ये सुदानमधल्या ओमदुरमानला इजिप्त अल्जीरियाकडून एका गोलने हरल्यामुळे. पण २००६ च्या आफ्रिका कप फायनलमधली निर्णायक पेनल्टी त्याची, २००८ च्या फायनलमध्ये कॅमेरूनविरुद्धचा एकमेव गोलही त्याचाच! (अर्थात त्यात निम्मं श्रेय त्याचा संघसहकारी मोहम्मद झिदानचं. कॅमेरूनच्या रिगोबेर साँगकडून चेंडू अक्षरशः हिसकावला होता त्याने.)

त्याच २००८ च्या स्पर्धेत सुदानविरुद्ध गोल केल्यावर अबूत्रिकाने जर्सी वर करून आतल्या टी-शर्टवरचा गाझाबद्दल सहानुभूतीचा मजकूर दाखवला आणि पिवळं कार्ड खाल्लं. २०१२ मध्ये इजिप्तमधल्या पोर्ट सईदच्या स्टेडियममधल्या दंगलीत ७० हून अधिक माणसं गेली, त्यातल्या अल अहली या त्याच्या क्लबच्या एका चाहत्याने ड्रेसिंग रूममध्ये त्याच्यासमोर प्राण सोडला. न्याय मिळेपर्यंत इजिप्तचा सुपर कप खेळणार नाही म्हणाला, क्लबने दंड आणि निलंबन दोन्ही केलं. तरी २०१३ मध्ये पस्तिशीत आफ्रिकन चॅम्पियन्स लीग फायनलच्या दोन्ही लेगमध्ये गोल मारूनच गडी निवृत्त झाला.