कॉस्टिक हातावर उडालं तर व्हिनेगर लावायचं का?

नवशिका_लॅबवाला: लॅबमध्ये जॉइन होऊन दोनच महिने झालेत. काल ४० टक्के सोडियम हायड्रॉक्साइड (म्हणजे कॉस्टिक) बनवताना ग्लोव्हच्या वर मनगटावर थोडं उडालं, जळजळ काहीच नाही, नुसतं बुळबुळीत लागत होतं म्हणून टिश्यूने पुसलं न काम चालू ठेवलं. थोड्या वेळाने चुरचुरायला लागलं, आज लाल चट्टा आहे. सीनियर म्हणतो पातळ व्हिनेगर लावायचं होतंस, न्यूट्रल झालं असतं. खरंय का? आणि कॉस्टिक अ‍ॅसिडपेक्षा सौम्यच ना?

ब्युरेट: सौम्य कसलं! ते बुळबुळीत म्हणजे साबणच, तुझ्याच कातडीतल्या चरबीचा. अ‍ॅसिडने प्रथिनं गोठतात, खपलीसारखा थर होतो आणि तो थोडंफार अडवतो तरी. कॉस्टिक मात्र विरघळवत आत आत जातं, सुरुवातीला दुखत नाही म्हणून माणूस गाफील राहतो. डोळ्यात गेलं तर तर विचारूच नको. व्हिनेगर नाही, पुसणंही नाही, सरळ नळाखाली हात, घड्याळ-अंगठी काढून निदान १५-२० मिनिटं. न्यूट्रल होतानाही उष्णता निघते शिवाय बाटली शोधण्यात वेळ जातो तो वेगळा. खायचा सोडा वगैरे टेबलावर सांडलेल्या अ‍ॅसिडसाठी ठेव. चट्टा डॉक्टरला दाखव.

फ्यूमहूड_काका: वरच्याशी सहमत, फक्त हायड्रोफ्लोरिक अ‍ॅसिडची गोष्ट वेगळी. तिथे पाण्यानंतर लगेच कॅल्शियम ग्लुकोनेट जेल लागतं आणि बारीकसा डाग असला तरी हॉस्पिटल. जेल हाताशी नसेल तर ती बाटली उघडूच नये.

मोलर_बाई: पण उडालंच कसं? पेलेट्सवर, म्हणजे कॉस्टिकच्या घट्ट गोळ्यांवर, पाणी ओतलंस का? नेहमी गार पाण्यात थोडे थोडे पेलेट्स, ढवळत, खाली बर्फ. सल्फ्युरिक अ‍ॅसिडचंही तेच, १ लिटर १ मोलर द्रावणाला ९८ टक्केवालं साधारण ५५ मिली लागतं, ते पाण्यात हळूहळू सोडायचं. उलटं केलंस तर पाणी हलकं म्हणून वरच राहतं, तिथेच उकळतं आणि अ‍ॅसिड घेऊन तोंडावर उडतं. आणि पातळ नायट्राइल ग्लोव्ह कॉन्सन्ट्रेटेड सल्फ्युरिकला फार वेळ टिकत नाहीत हां, थेंब पडला की बदल. गॉगल होता ना?

नवशिका_लॅबवाला: चष्मा होता 😬 आणि हो, पाणीच ओतलं होतं पेलेट्सवर. आत्ता आयवॉश (डोळे धुवायचा नळ) बघून आलो, समोर खोकी रचलेली, ती हलवून चालू केला तर आधी मिनिटभर तांबूस पाणी आलं.